खबर देणारा माणूस

लष्करी गुप्तवार्ता विभागात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे पाहतो, मग आजूबाजूला पाहतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे वेश बदलून जावं लागायचं का?" गावातली पोरं शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांचं नाव घेतात. त्या नावानं माझीही छाती भरून येते. सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर त्यांच्या समाधीपुढे मी माथा टेकवून आलो आहे. पण बहिर्जींच्या गोष्टीतलं वेशांतर सगळ्यांना आठवतं, आणि त्यांना खबर पुरवणारे वाटाडे, व्यापारी, गुराखी, पाणवठ्यावरच्या बाया कोणालाच आठवत नाहीत. त्यांची नावं इतिहासात नाहीत, आणि नाहीत म्हणूनच ती माणसं सुखरूप राहिली असतील.

तीस वर्षांच्या नोकरीचं सार मला विचाराल तर ते एवढंच आहे. खबर शेवटी साध्या माणसाकडून येते, आणि तो ती त्यालाच देतो जो आपल्याला जपेल अशी त्याची खात्री असते. गुप्तता पाळायची ती या माणसासाठी. निवृत्त होऊन गावी आल्यावर ही गोष्ट मला सीमेवर असतानापेक्षा जास्त कळली.

ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, १९२३ हा कायदा निवृत्तीनंतरही माझ्या मानेवर आहे आणि तो असावा असंच माझं मत आहे. त्यामुळे पुढच्या मजकुरात युनिटचं नाव, नेमकी जागा, कोणत्या माणसाची ओळख यातलं काही सापडणार नाही. ते काम कसं असतं आणि त्यानं माणूस कसा घडतो, एवढंच सांगायचं आहे.

माझं गाव रिसोड तालुक्यात, पैनगंगेच्या अंगाला. १९८३ साली नागपूरच्या भरती कार्यालयातून मी फौजेत गेलो, तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता. वाशिम वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. आजोबांच्या तरुणपणी पैनगंगा ही हद्द होती. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचं राज्य. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धाकानं पलीकडची कुटुंबं रातोरात नदी उतरून अलीकडे यायची. आजोबा सांगायचे, त्या दिवसांत पलीकडची खरी बातमी बाजाराला येणाऱ्या बायांकडून आणि मेंढपाळांकडून यायची. पण खोटी बातमीही त्याच वाटेनं आणि तेवढ्याच जोरात यायची. "सांगणारा डोयानं पाहून आला का कानानं आयकून आला, हे आधी इचारा लागे," असं ते म्हणत. पुढे पुण्यात वर्गात बसून जे शिकलो त्याचा पहिला धडा मला घरच्या ओसरीवर मिळाला होता.

वाशिमहून मीटर गेजच्या गाडीनं अकोला, तिथून गाड्या बदलत सागर. महार रेजिमेंटचं केंद्र तिथं आहे. पहिली काही वर्षं मी पायदळातच होतो. १९८७ मध्ये भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तिथं धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. सगळ्या रेजिमेंटची मान उंचावली, आणि तेवढंच दुःखही झालं. मी दुसऱ्या पलटणीत, देशातच होतो. पण तिथून परतलेल्या जवानांशी रात्र-रात्र बोलणं व्हायचं. त्यांच्या बोलण्यात शत्रूच्या बंदुकांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा सल जास्त होता. तमिळ येत नव्हती. समोरचा म्हातारा हात जोडून काही तरी सांगतोय, तो पुढच्या सुरुंगाबद्दल सावध करतोय की नुसती विनवणी करतोय, ते कळायला मार्ग नव्हता. उलट आपल्या हालचाली मात्र तिकडे आधी पोचत. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून जवान उतरवले गेले, तेव्हा एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेनं आपले रेडिओ संदेश आधीच ऐकलेले होते. १३ शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तिथं उतरलेल्या तीस जवानांपैकी एकच जिवंत राहिला. शांतिसेनेचे अकराशेहून अधिक जवान त्या बेटावर कामी आले.

ही कहाणी ऐकल्यावर मी इंटेलिजन्स कोअरकडे जाण्यासाठी अर्ज केला. माणसाचं बोलणं न कळल्यामुळे माणसं मरतात, हे मला सहन होत नव्हतं.

पुण्यात मिलिटरी इंटेलिजन्स ट्रेनिंग स्कूल अँड डेपो आहे. फौजेत शिकवणाऱ्याला आम्ही उस्ताद म्हणतो. आमच्या एका उस्तादांनी सुरुवातीलाच असईची लढाई शिकवायला घेतली. २३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं असई. एकीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज, दुसरीकडे आर्थर वेलस्ली. वेलस्लीच्या हरकाऱ्यांनी खबर आणली होती, की मराठ्यांचा तळ भोकरदनला आहे. भोकरदन हे गावाचं नाव आणि परगण्याचंही नाव. फौज प्रत्यक्षात भोकरदनपासून असईपर्यंत केळणा नदीच्या काठानं पसरलेली होती, आणि वेलस्लीची गाठ तिच्याशी त्याच्या अंदाजाच्या कितीतरी आधी पडली. "खबर खोटी नव्हती," उस्ताद म्हणाले, "विचारणाऱ्यानं पुढचा प्रश्न विचारला नव्हता. भोकरदन म्हणजे गाव की परगणा?"

पुढचा भाग माझ्या डोक्यात आजही ताजा आहे. वेलस्लीला नदी ओलांडायची होती. वाटाड्यांनी सांगितलं, की मराठ्यांच्या तोफांसमोरचा उतार सोडला तर दुसरा उतार नाही. वेलस्लीनं दुर्बीण लावली. लांबवर नदीच्या दोन काठांवर, समोरासमोर, पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं दिसली. उस्तादांनी फळ्यावर नदीची रेघ ओढली, दोन्हीकडे एकेक ठिपका दिला आणि विचारलं, "काय दिसतं?" वर्ग गप्प. मी पैनगंगेच्या काठचा, हात वर केला आणि म्हणालो, "साब, मध्ये उतार असणारच. अलीकडच्या गावातली लेक पलीकडे दिलेली असते. माणसं येणार-जाणार, बैलगाडी घालणार." वेलस्लीनंही तोच अंदाज बांधला, उतार सापडला आणि लढाईचं पारडं फिरलं. आपल्याच माणसांच्या पराभवाचा धडा असा शिकताना पोटात तुटतं. पण तो शिकायलाच हवा होता. गावं कशी वसतात, लोक पाणी कुठं भरतात, सोयरीक कुठं करतात, बाजार कोणत्या वारी भरतो, हे ज्याला कळतं त्याला नकाशात नसलेलं दिसतं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की खेड्यातला जन्म ही या कामातली माझी कमाई आहे.

दुसरी शिकवण तपासण्याची. आलेल्या प्रत्येक बातमीला दोन खुणा द्यायच्या. इंग्रजी अक्षरांतल्या ए पासून एफ पर्यंतची खूण सांगणाऱ्यासाठी: तो किती भरवशाचा. १ ते ६ पर्यंतचा आकडा सांगितलेल्या गोष्टीसाठी: ती किती खरी ठरण्यासारखी. दोन्ही वेगवेगळ्या द्यायच्या, कारण भरवशाचा माणूसही चुकीचं ऐकून येतो आणि लबाड माणूसही कधीतरी खरं सांगून जातो. एफ आणि ६ म्हणजे बातमी खोटी असं नव्हे. अजून काहीच ठरवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘ठरवता येत नाही’ असं लिहायला अक्कल आणि धीर दोन्ही लागतं. वरून दबाव असतो, लवकर काही तरी हवं असतं. त्या वेळी हात आवरून ‘एफ-६’ लिहिणारा माणूस मी मोठा मानतो.

नव्वदच्या दशकातली माझी बरीच वर्षं काश्मीर खोऱ्यात गेली. एक प्रसंग सांगतो. तिथं गावोगाव कांदुर असतो, म्हणजे भट्टीवर रोट्या भाजणारा. पहाटे घराघरातून कोणी तरी जातं आणि नून चायबरोबर खायला गरम गिरदा घेऊन येतं. कोणत्या घरात किती रोट्या जातात ते कांदुराला पाठ असतं, कारण ते रोजचंच. एका गावातल्या वयस्कर माणसाशी माझी बऱ्यापैकी जवळीक झाली होती. त्याच्या गुडघ्याचं दुखणं, नातवाची शाळा, अक्रोडाचा भाव, असंच आमचं बोलणं चाले. मी त्याला कधी काही खोदून विचारलं नव्हतं. एका सकाळी तो कुरकुरत होता, की दोन-तीन दिवस झाले, जरा उशीर झाला की कांदुराकडे रोटी उरत नाही. गावात लग्न नाही, मयत नाही, आणि रोटी कशी काय संपते?

त्याच्या लेखी ती नुसती तक्रार होती. मी ‘हो ना’ म्हटलं आणि विषय अक्रोडाकडे नेला. गावात खाणारी तोंडं वाढली होती आणि ती कोणाकडेही पाहुणी म्हणून आलेली नव्हती. संध्याकाळी मी ते कागदावर उतरवलं, सांगणाऱ्याचं नाव न लिहिता, त्याच्यापर्यंत माग पोचेल असा एकही शब्द न ठेवता. मग वेगळ्या वाटेनं, वेगळ्या माणसाकडून ते पडताळून पाहिलं गेलं. पुढं काय झालं ते सांगण्याची मुभा मला नाही. एवढं सांगतो, की आपल्या कुरकुरीचा पुढच्या गोष्टींशी काही संबंध होता हे त्या म्हाताऱ्याला कधी कळलं नाही, गावात कोणालाच कळलं नाही, आणि ते कळू नये हीच माझी सगळ्यात मोठी ड्युटी होती. बदली होईपर्यंत मी त्याच्या गुडघ्याची चौकशी करत राहिलो. ती चौकशी खोटी नव्हती. ज्याच्या बोलण्यावर आपण उभे राहतो त्याच्याविषयी मनात माया नसेल तर हे काम माणसाला आतून कोरडं करून टाकतं.

याच्या उलटही घडायचं. एक जण येऊन शेजाऱ्याचं नाव सांगून गेला: त्याच्या घरी अतिरेकी येतात, रात्री जेवतात. तारीख, वेळ, सगळं तोंडपाठ. इतकं चोख सांगणाऱ्याची मला जरा धास्तीच वाटते. चौकशी केली तेव्हा दोघांमध्ये जमिनीच्या बांधावरून जुनं भांडण निघालं. त्या घरात म्हातारी, तिची सून आणि लहान मुलं होती. खबर न तपासता रात्री त्या दारावर लाथ पडली असती तर एक घर कायमचं मोडलं असतं आणि फौजेवरचा त्या गावाचा विश्वासही. बांधाचं भांडण मला वाशिमकडचं चांगलं ठाऊक होतं. बांध कोरणारा माणूस कोणत्या थराला जातो हे मी लहानपणापासून पाहिलं होतं.

१९९९ च्या उन्हाळ्यात मी खोऱ्यातच होतो. कारगिलची पहिली खबर कुठून आली हे आता सगळ्यांना माहीत आहे. बटालिक भागातल्या गारखुन गावचे ताशी नामग्याल हरवलेला याक शोधायला मे महिन्याच्या सुरुवातीला डोंगरावर गेले होते. दुर्बिणीतून त्यांना पठाणी वेशातली माणसं दगड रचून मोर्चे बांधताना दिसली. ते खाली आले आणि त्यांनी लष्कराला सांगितलं. ५२७ जवान त्या युद्धात गेले. नंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल आढावा समितीनं साफ शब्दांत दाखवलं, की वेगवेगळ्या यंत्रणांच्या हातातले तुकडे एका ठिकाणी जुळवून पाहण्याची व्यवस्था लंगडी होती. त्यातून पुढे २००२ मध्ये डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी उभी राहिली. उपग्रह आले, ड्रोन आले, ते हवेतच. पण त्या डोंगरावर कोण रोजचा आहे आणि कोण नवखा, हे एका मेंढपाळाच्या नजरेनं टिपलं होतं. ताशी नामग्याल डिसेंबर २०२४ मध्ये गेले. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

त्याआधी १९६५ मध्येही असंच झालं होतं. ५ ऑगस्टला तंगमर्गजवळ मोहम्मद दीन नावाच्या गुज्जर तरुणाला हिरव्या सलवार-कमीजमधल्या अनोळखी माणसांनी पैशाचं आमिष दाखवून माहिती विचारली. तो थेट पोलिसांकडे गेला आणि पाकिस्तानच्या ‘ऑपरेशन जिब्राल्टर’ या घुसखोरीच्या मोहिमेचा पत्ता लागला. देशानं त्याला १९६६ मध्ये पद्मश्री दिली. १९९० मध्ये दहशतवाद्यांनी त्याची हत्या केली. खबर देणाऱ्याचं नाव उघड होणं म्हणजे काय असतं, ते या एका उदाहरणात आहे. त्याचा गौरव व्हायलाच हवा होता, आणि त्या गौरवानंतर त्याला जन्मभर जपायलाही हवं होतं.

या नोकरीचा भार घरच्यांनी उचलला. माझा पत्ता म्हणजे ‘५६ एपीओ’, ईशान्येकडे असलो की ‘९९ एपीओ’. सेना डाक सेवेचं केंद्र आमच्याच विदर्भात, कामठीला. पण त्या आकड्यामागे नवरा कुठल्या डोंगरात बसलाय ते माझ्या बायकोला कधी कळलं नाही. दुसऱ्या फौजींच्या घरी फोटो यायचे, बर्फातले, तोफेजवळचे. आमच्याकडे काही नाही. एका पत्रात तिनं लिहिलं होतं, "कुठं हाये ते नका सांगू, जेवले का तेवढं लिहत जा." तिनं एकटीनं शेती केली, माझ्या मायचं दुखणं काढलं, पोरांच्या शाळा पाहिल्या आणि मला एकदाही अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला नाही. माझ्या पदकांच्या डबीवर तिचं नाव कोरता येत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

२०१३ मध्ये सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. सोयाबीन, मधे तुरीची ओळ, विहिरीवर थोडा भाजीपाला. गावात मी ‘सुभेदारकाका’ झालो. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या कामात हात घातला. आमच्या भागात कितीतरी फौजींच्या बायकांची नावं ‘पार्ट टू ऑर्डर’नं रेकॉर्डला चढलेली नसतात, किंवा चढली तर माहेरच्या नावानं. नवरा गेला की फॅमिली पेन्शन अडतं. आता पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर सगळं ऑनलाइन झालं, तर अंगठा आणि मोबाइल नंबर जुळत नाही. ही कागदपत्रं बसवण्यात मला मोठं समाधान मिळालं. तिथंही तीच सवय कामी आली: कोणता कागद कोणी दिला, कधी दिला, मूळ प्रत कुठं आहे.

२०१८ चा पावसाळा मात्र मी विसरणार नाही. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे संदेश मोबाइलवर नुसते कोसळत होते. त्यातला सर्वांत गाजलेला व्हिडिओ मुळात कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जनजागृतीच्या फितीतला होता. शेवटचा खुलासा कापून तो फिरवला गेला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे. आपल्याच महाराष्ट्रात, भर दिवसा, ग्रामपंचायतीच्या खोलीत.

त्याच दिवसांत आमच्या गावाबाहेर एक कुटुंब उतरलं. संध्याकाळी पोरं धावत माझ्याकडे आली. "काका, पाच-सहा जन हायेत, झोया हायेत त्यायच्यापाशी. पोट्टे पकडनारेच हायेत."

मी विचारलं, "तू सोता पायलं का पोट्टं पकडतानी?"

"नाई. मोबाइलवर आलं."

"मोबाइलवर कोनं पाठवलं?"

"गुरपमधी आलं."

"गुरपवाल्याले कोनं पाठवलं?"

पोरगा गप्प. मी म्हटलं, म्हणजे सांगणारा कोण ते माहीत नाही आणि सांगितलेलं खरं की खोटं तेही माहीत नाही. याला आमच्या फौजेत एफ-६ म्हणतात, आणि एफ-६ वर कोणी काठी उचलत नाही. मग पोलीस पाटलांना बोलावलं. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार गावात कोण नवखं आलंय याची खबर ठेवणं हे त्यांचंच काम. गावातलं हे पद किती मोलाचं आहे ते आपण विसरून गेलो आहोत. त्यांनी ते कुटुंब आधी ज्या गावी मुक्कामाला होतं तिथल्या पोलीस पाटलांना फोन लावला. निरोप आला: घिसाडी आहेत, आठवडाभर इथंच डवऱ्याच्या पासा आणि विळे करत होते. ही एक बाजू. दुसरी बाजू वेगळ्या तोंडून हवी होती, म्हणून गावातल्या एका म्हाताऱ्या काकूंना सोबत घेऊन गेलो. त्यांनी त्या कुटुंबातल्या बाईला पाहिलं मात्र, "अवं, हे तर थेच! हिच्या सासूनं मले विळा करून देल्ला होता," म्हणत जवळच बसल्या. झोळ्यांत ऐरण, हातोडे आणि भात्याचं कातडं होतं. पोरांनी स्वतःच्या हातानं ते पाहिलं. रात्री त्याच पोरांपैकी दोघांनी त्यांना भाकरी नेऊन दिली. खबर तपासून घेतल्यानं माणसाचा जीव वाचतो, हे मी त्यांना भाषणानं सांगू शकलो नसतो.

दुसरी गोष्ट जड आहे. वाशिम हा पश्चिम विदर्भातल्या त्या जिल्ह्यांपैकी, ज्यांचं नाव शेतकरी आत्महत्यांच्या यादीत वर्षानुवर्षं आहे. २०१८ मध्ये नीती आयोगानं महाराष्ट्रातले चार जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले, त्यात वाशिम आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं. हे आकडे सगळ्यांना ठाऊक असतात. घरात काय चाललंय ते कोणाला ठाऊक नसतं.

गावचा रोजचा रिवाज माहीत असला की त्यातला बदल दिसतो. ओळखीतला एक शेतकरी पारावर येईनासा झाला. पोळ्याला त्यानं बैल सजवला नाही. जोडी आधीच विकलेली. भावाशी वर्षानुवर्षं चाललेलं भांडण त्यानं एकाएकी सोडून दिलं. लोक म्हणाले, बरं झालं, निवळला. मला ते बरं वाटलं नाही. हक्कासाठी भांडणारा माणूस भांडायचं सोडतो तेव्हा त्याच्याजवळ जाऊन बसावं.

मी रोज संध्याकाळी त्याच्या धुऱ्यावर जाऊन बसू लागलो. विचारलं काहीच नाही. पाऊस, तूर, पोरीचं कॉलेज. बऱ्याच दिवसांनी तो म्हणाला, "सुभेदार, कोनाले सांगसान नाई ना?" मी म्हटलं, "नाई." मग त्यानं सांगितलं: बँकेचं थकलेलं पीककर्ज, त्यावर सावकाराचे पैसे, आणि सावकाराकडे लिहून गेलेला शेताचा तुकडा. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ प्रमाणे अवैध सावकारीविरुद्ध जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, बळकावलेली जमीन परत मिळू शकते, हे त्याला माहीत नव्हतं. तो अर्ज आम्ही दोघांनी मिळून केला. आरोग्य विभागाच्या प्रेरणा प्रकल्पातल्या समुपदेशकांशी त्याचं बोलणं घडवून आणलं. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये स्वतः टाकून दिला. त्यावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो आज शेती करतो आहे. त्याची गोष्ट मी त्याच्या परवानगीनं लिहिली आहे आणि ओळख पटेल अशा सगळ्या खुणा बदलल्या आहेत. माझ्या बायकोलाही तो कोण ते ठाऊक नाही, आणि नेहमीप्रमाणे तिनं विचारलेलं नाही.

आमच्या कामात ज्याला सोर्स म्हणतात तो आणि धुऱ्यावरचा हा शेतकरी यांच्यात मला फरक दिसत नाही. दोघंही बोलण्याआधी एकच गोष्ट पारखतात: माझं बोलणं हा माणूस कुठं नेईल? गावात दुसऱ्याची अडचण चहाच्या टपरीवर रंगवून सांगणारे पुष्कळ असतात. म्हणूनच अडचणीतला माणूस गप्प बसतो. ऐकलेलं पोटात ठेवणारी दोन-चार माणसं प्रत्येक गावात असली तर कितीतरी जण वेळेवर बोलतील, अशी माझी खात्री आहे.

आता भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे माझ्याकडे येतात. अग्निपथ योजना आल्यापासून त्यांच्या मनात चार वर्षांनंतरची धास्ती आहे, ती मी समजू शकतो. त्यांना धावण्याबरोबर मी मोबाइलही शिकवतो. जुलै २०२० मध्ये लष्करानं जवानांना फेसबुकसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितलं, ते उगीच नव्हे. मे २०२३ मध्ये पुण्यात डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला पाकिस्तानी हस्तकाला माहिती दिल्याच्या आरोपावरून एटीएसनं अटक केली. न्यायनिवाडा कोर्ट करील, पण ओळख वाढवून माणसाला बोलतं करण्याचा खेळ आता खिशातल्या फोनवर चालतो, हे पोरांना कळलं पाहिजे. भावाची पोस्टिंग कुठं आहे हे कौतुकानं स्टेटसला टाकणारी बहीण शत्रूची नसते. पण ते वाचणारा कोण, हे तिला माहीत नसतं. पोरांना मी सांगतो, आपल्या बायका-पोरींनी पत्त्याऐवजी ‘५६ एपीओ’ लिहून फौज सांभाळली, तोच संयम आता बोटांना हवा.

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या माजी सैनिकांना माझी कळकळीची विनंती आहे. सव्वीस जानेवारीला झेंड्याजवळ उभं राहण्यापुरता आपला मान ठेवून घेऊ नका. आपल्याकडे शिस्तीनं ऐकण्याचं, तपासण्याचं आणि तोंड बंद ठेवण्याचं शिक्षण आहे. ते देशानं पैसे खर्च करून दिलेलं आहे. ग्रामसभेत बसा, पोलीस पाटलांच्या पाठीशी उभे राहा, अफवा आली की पहिला प्रश्न तुम्ही विचारा, आणि कोणी मन मोकळं केलं तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. सीमेवर आपण ज्यांच्या भरवशावर जिवंत राहिलो ती अशीच साधी, नाव नसलेली माणसं होती. त्यांचं ऋण त्यांना जाऊन फेडता येणार नाही. आपल्या गावातल्या माणसाला तसंच जपलं, तर ते फिटेल.